आठ घरांचं रिपीट

कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवायचं ते एकाच दिशेनं. वरून खाली. मागे-पुढे घासलं की रबराचा चुरा पट्ट्यांच्या फटीत बसतो, आणि जे सोन्याचं पाणी दिलेलं असतं तेही जातं. शाळेत चित्रकलेच्या बाई हेच सांगायच्या, कागद फाटतो म्हणून. तेव्हा ऐकलं नाही. आता पंचेचाळिशीत, रविवारी सकाळी गॅलरीत पेपर अंथरून बसलो की मी आज्ञाधारकपणे वरून खाली, वरून खाली करतो. शेजारी स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश, आयपीएची, म्हणजे पुसायच्या अल्कोहोलची, बाटली आणि एक चपटी पितळी आकडी. आतून आवाज येतो, "परत ते डबडं उघडलं का?" मी म्हणतो, "नाही, नुसतं पुसतोय." पंचवीस वर्षं हे एकच उत्तर चाललंय. आधी आईला द्यायचो, आता बायकोला देतो.

डबडी एकूण पाच आहेत. सगळी गेल्या शतकाच्या शेवटच्या चार-पाच वर्षांतली, नाहीतर त्याच्या जरा पुढची. पेट्या पिवळ्या पडल्यात. मूळ रंग पांढरा होता की बदामी, यावर घरात एकमत नाही. मी पतसंस्थेत नोकरी करतो. तिथला कॉम्प्युटर बिघडला तर मी बोट लावत नाही, माणूस बोलावतो. पण या पाच पेट्यांत माझं सारखं काहीतरी काढणं-घालणं चालू असतं, आणि त्यातही जास्त करून ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवायचं काम करणारी पाटी. मुलगा म्हणतो, "बाबा, तुमच्या पाचही कॉम्प्युटरांची मिळून रॅम माझ्या फोनच्या पाव भरत नाही. मग त्याला अपग्रेड कशाला म्हणता?"

प्रश्न चोख आहे. उत्तर द्यायचं तर २००० सालात जावं लागतं.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला. वडील सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका चादर कारखान्यात हिशेब लिहायचे, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. सेलेरॉन प्रोसेसर, चौसष्ट एमबी रॅम, पंधरा इंची मॉनिटर, त्यावर आईनं विणलेलं क्रोशाचं झाकण. कोटेशनमध्ये एक ओळ होती : 'डिस्प्ले – ऑनबोर्ड'. म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही. बोर्डावरच आहे म्हणजे त्याचे वेगळे पैसे नाहीत, असा अर्थ वडिलांनी लावला. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला तो पटलाही.

मित्राकडे गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. त्याच्या घरी गाडी सुसाट जायची. तीच सीडी आमच्याकडे घातली की गाडी गड्ड्याच्या जत्रेत संध्याकाळी सातला शिरल्यासारखी सरकायची. दोन पावलं पुढे, मग थांबा, मग पुन्हा दोन पावलं. मित्रानं निदान केलं, "तुझ्यात ग्राफिक्स कार्ड नाही बे."

दहावीच्या दोन पोरांच्या शिकवण्या घेतल्या. साडेतीन हजार जमल्यावर एका रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालो. सकाळी मुंबई, तिथून लॅमिंग्टन रोड. एका दुकानात कार्ड ठरवलं : टीएनटी-टू एम-६४, बत्तीस एमबी, एजीपी, म्हणजे बोर्डावरच्या त्याच नावाच्या खास स्लॉटमध्ये बसणारं. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "बोर्ड में एजीपी है ना?" मी म्हटलं, "है." आपली पेटी मी आतून कधी बघितलीच नव्हती. वॉरंटीचं स्टिकर फाटेल ना!

परतीच्या गाडीत कार्ड मांडीवर ठेवून बसलो. कुर्डुवाडीला जाग आली तेव्हा आधी खोकं चाचपलं. घरी येऊन अंघोळसुद्धा न करता स्टिकर फाडलं, चार स्क्रू काढले, झाकण सरकवलं. आत तीन पांढरे स्लॉट होते. त्यांच्या वर, प्रोसेसरच्या बाजूला, जिथे एजीपीचा तपकिरी स्लॉट हवा होता तिथे नुसतं हिरवं रान. एक भोकसुद्धा नाही.

माझा बोर्ड इंटेलच्या ८१० चिपसेटचा होता. १९९९ साली स्वस्त कॉम्प्युटरांसाठी काढलेला. चित्र दाखवायचं काम त्याच्या पोटातच बसवलेलं. त्यासाठी लागणारी मेमरीही तो आपल्या चौसष्ट एमबीतूनच उसनी घ्यायचा. एजीपीचा रस्ता आतल्या आत संपलेला, बाहेर फाटा काढलेलाच नाही. पांढरे स्लॉट पीसीआयचे. त्या वाटेनं सेकंदाला फार तर १३३ एमबी जाणार, आणि त्या एकाच वाटेवर साउंड कार्ड, मोडेम, सगळ्यांची वर्दळ. ग्राफिक्सला स्वतःचा वेगळा रस्ता हवा म्हणून इंटेलनंच १९९६ साली एजीपी आणलं होतं. पहिल्याच आवृत्तीत सेकंदाला २६६ एमबी, पुढे दुप्पट, चौपट, आठपट. ही सगळी आकडेवारी मला नंतर पाठ झाली. त्या सकाळी मला एवढंच दिसलं की कार्डाला बसायला जागा नाही.

आठवडाभरानं एका वर्गमित्राला ते दोन हजाराला दिलं. वडिलांना काही बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही, फक्त पुढच्या महिन्यात पेट्रोलला पैसे मागितले तेव्हा म्हणाले, "मुंबईचं खातं अजून बंद झालं नाही वाटतं."

तर मुलाला उत्तर हे, की एकदा न बसलेलं कार्ड माणूस आयुष्यभर बसवत राहतो. त्याला हे उत्तर पटत नाही. मलाही पूर्ण पटत नाही, कारण आता त्यात दुसरीच गोडी लागलीय.

जुन्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड घालणं हे नव्याला घालण्यापेक्षा अवघड असतं. नव्यात पैसे घालायचे आणि मोकळं व्हायचं. जुन्यात सोयरीक जुळवावी लागते. पाचशे मेगाहर्ट्‌झच्या पेंटियम थ्रीला जीफोर्स-टू एमएक्सपर्यंतचं कार्ड शोभतं. त्याच्या पुढचं घातलं तर कार्ड नुसतं हात बांधून बसतं, कारण प्रोसेसर त्याला काम पुरवूच शकत नाही. चार वाढपी आणि स्वयंपाकघरात एकच शेगडी, असा प्रकार. ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, वेगळंच. विंडोज ९८ ठेवायचं असेल तर फार नवं कार्ड चालत नाही, आणि चालतं त्याचा सगळ्यात नवा ड्रायव्हर घातला तर जुने गेम रुसतात. त्यातला त्यात जुना, पण फार जुना नाही, असा ड्रायव्हर हुडकावा लागतो. माझ्याकडे एकाच कार्डाचे सात ड्रायव्हर सीडीवर घालून ठेवलेत, लोणच्याच्या बरण्यांसारखे, वर्ष लिहून.

आणि नावं! नावांनी त्या काळात सगळ्यांनाच फसवलंय. मी मांडीवर घेऊन आलो त्या एम-६४ मधला चौसष्ट हा आकडा मला कौतुकाचा वाटला होता. प्रत्यक्षात तो तिचा अपंगपणा होता. खऱ्या टीएनटी-टूची मेमरीकडे जाणारी वाट १२८ बिटांची, हिची निम्मी. २००२ सालचं जीफोर्स-फोर एमएक्स ४४० नावानं चौथ्या पिढीचं, पण हाड सगळं जीफोर्स-टूचं. खऱ्या चौथ्या पिढीतलं प्रोग्रॅम करता येणारं शेडर, म्हणजे चित्रातले रंग आणि उजेड-सावली ठरवणारा भाग, त्यात नव्हतंच. वर्षभरानं आलेल्या एफएक्स ५२०० मध्ये ते होतं, पण वेगात ते त्याच्या आधीच्या चांगल्या कार्डांपुढे नांगी टाकायचं. खोक्यावर मात्र प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठा आकडा आणि तलवार घेतलेली बाई. आपल्याकडे खपली ती हीच कार्डं. म्हणून भंगारात आज मिळतात तीही हीच.

व्हूडूबद्दल काही लिहित नाही. लिहायला लागलो तर लेख तिकडेच जाईल. १९९६ साली थ्रीडीएफएक्सनं ते कार्ड काढलं. ते फक्त थ्रीडी दाखवायचं. साध्या चित्रासाठी आपलं जुनं कार्ड तसंच ठेवायचं, आणि पेटीच्या मागून एक आखूड वायर एकातून काढून दुसऱ्यात घालायची. गेम सुरू झाला की काही कार्डांत रिले 'टक्' वाजायचा आणि चित्राचा ताबा बदलायचा. मी तो 'टक्' कधीच प्रत्यक्ष ऐकला नाही. २००० च्या डिसेंबरात, म्हणजे माझी फजिती झाली त्याच वर्षी, ती कंपनी आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकून बाजूला झाली. आज त्या कार्डांना जी किंमत सांगतात त्यात आमच्या गॅलरीला ग्रिल बसेल. झालं, एवढंच.

एक बोर्ड मी स्वतःच्या हातानं मारलाय, तेही सांगून टाकतो. एजीपीच्या स्लॉटमध्ये एक आडवी भिंत असते आणि कार्डाला तिच्यासाठी खाच. जुनी कार्डं ३.३ व्होल्टची, त्यांची खाच पट्टीच्या, म्हणजे स्क्रू लावायच्या बाजूला. नंतरची १.५ व्होल्टची, त्यांची खाच दुसऱ्या टोकाला. चुकीचं कार्ड बसूच नये म्हणून ही सोय. पण काही कार्डांवर दोन्ही खाचा पाडलेल्या असतात आणि आतून ती ३.३ चीच असतात. असं एक मी पेंटियम फोरच्या बोर्डात दाबलं. छान बसलं. कळ दाबली. ना धूर, ना वास, ना आवाज. पंखा फिरला आणि बाकी काही झालं नाही, ते आजतागायत. तेव्हापासून मी खाच बघून थांबत नाही, चिपवरचा नंबर वाचतो.

सोलापुरात जुनं मशीन जगवायचं म्हणजे दोन शत्रू : ऊन आणि तंतू. एप्रिलमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की दुपारी मी कुठलीच पेटी चालू करत नाही. तंतूंचं मात्र काही करता येत नाही. विजापूर वेशीजवळ एका भंगारवाल्याकडे यंत्रमागाच्या कारखान्यांतले कॉम्प्युटर येतात. झाकण काढलं की आत बोर्ड दिसतच नाही. करड्या रंगाची जाड गादी दिसते. धूळ नव्हे. कापसाचे बारीक तंतू पंख्यानं ओढून ओढून आत नेलेले, वर्षानुवर्षं दाबून बसवलेले. ग्राफिक्स कार्डावरचा छोटा पंखा त्या गादीत रुतून कधीच बंद पडलेला असतो. ती गादी कोपऱ्यातून धरून उचलली तर अख्खीच्या अख्खी निघते, स्लॉटांचे छाप घेऊन. एक मी जपून ठेवली होती. बायकोनं टाकली.

मास्तरांचा फोन आला तो गेल्या फेब्रुवारीत.

मास्तर म्हणजे वडिलांच्या कारखान्यातले डिझाइन मास्तर. पूर्व भागात, साखर पेठेकडे राहतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि हिशेबात कन्नड, कारण पहिला मालक कानडी होता. वय बहात्तर. सोलापुरी चादरीवर मोर, कमळ, कोयरी, नागमोडी काठ दिसतो ना, तो आधी ग्राफ पेपरवर उतरतो. उभी रांग म्हणजे ताण्याचा धागा, आडवी म्हणजे बाण्याचा. एकेक घर रंगवायचं किंवा सोडायचं. मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं ओळीनं शिवून जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायची. भोक असेल तिथे सुई आत जाते, हुक उचलला जातो, धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खाली राहतो. एक कार्ड, एक आडवा धागा. भोकांच्या या पुठ्ठ्यांपासून पुढे कॉम्प्युटर निघाला, ही गोष्ट इतक्यांनी इतक्या वेळा सांगितलीय की मी ती पुन्हा सांगत नाही. मास्तरांना ती सांगितली होती एकदा. म्हणाले, "आसंल. मग आमाला त्याचं काय मिळालं?"

१९९७ साली मास्तरांनी कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला. विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नाही असं प्रिंटरच्या पोर्टला लावायचं लॉक, आणि पेटीच्या मागून निघालेली जाडजूड केबल भोकं पाडायच्या मशीनला. आता मोठ्या कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलेत, पुठ्ठा लागतच नाही. पण जुने जॅकार्ड लावलेले माग अजून चालवणारी थोडी मंडळी आहेत, त्यांना कार्डं लागतात, आणि ती मास्तर काढून देतात. ते लॉक दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालत नाही. ती केबल नव्या कॉम्प्युटरला लागत नाही. म्हणून तो पेंटियम अजून जिवंत आहे. छंद म्हणून नाही, पोटासाठी.

"बाबू, टीव्हीवर रेगा येलाल्यात," मास्तर फोनवर म्हणाले. मॉनिटरला ते टीव्हीच म्हणतात. "उब्या. येऊन बघ एकदा."

मी विचार केला तो ग्राफिक्स कार्ड गेलं असणार, हाच. आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. माझ्याकडे टीएनटी-टू एम-६४ होतं, तेच, पण या वेळी पीसीआयचं. भंगारातून दीडशेला उचललेलं, पुसून चकचकीत केलेलं, बत्तीस एमबी. मास्तरांच्या पेटीत काय असणार, एक-दोन एमबीचं काहीतरी. पिशवीत कार्ड, ब्रश, बाटली घालून मी रविवारी सकाळी गाडी काढली.

खोली लहान. एका भिंतीला गुंडाळलेले ग्राफ पेपर, तीस-चाळीस वर्षांचे, प्रत्येकावर पेन्सिलीनं कारखान्याचं नाव. मास्तरांनी कॉम्प्युटर चालू केला. डॉसची काळी पाटी स्वच्छ आली. मग त्यांनी डिझाइन उघडलं : एक मोर. आणि मोराच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत बारीक बारीक उभ्या रेघा, मान, पिसारा, काठ, सगळीकडे. मोर पावसात उभा असल्यासारखा.

मी झाकण काढलं. एस-थ्री ट्रायो ६४ व्ही प्लस. त्या काळातलं अगदी घरोघरचं कार्ड, ना कौतुक ना तक्रार. ते काढून बाजूला ठेवलं, माझं कार्ड बसवलं. कॉम्प्युटर सुरू झाला, अक्षरं आली. मी मास्तरांकडे विजयी मुद्रेनं बघितलं. त्यांनी डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं आणि त्यानं एक यादी पुढे केली : कुठलं कार्ड आहे? एस-थ्री, ट्रायडेंट, सिरस लॉजिक, सेंग लॅब्ज. आणि शेवटी नुसतं व्हीजीए. डॉसच्या काळात अशा सॉफ्टवेअरांना प्रत्येक चिपशी तिच्या तिच्या भाषेत बोलावं लागायचं. लिहिणाऱ्यानं तेव्हा बाजारात जी होती त्यांची नावं घातली. टीएनटी-टू आली १९९९ साली. यादीत ती कुठून असणार?

व्हीजीए निवडलं. ६४० बाय ४८०, सोळा रंग. पडद्यावर मोराचा एक पाय दिसायला लागला.

चादरीत रंग दोनच असले तरी डिझाइनच्या पडद्यावर दोन रंगांत भागत नाही. कुठे कुठली वीण हे कळावं म्हणून मास्तर प्रत्येक विणीला वेगळा रंग देतात; चादरीत ते रंग नसतातच. त्यांना अख्खा मोर एका नजरेत आणि भरपूर रंगांत लागतो : १०२४ बाय ७६८, २५६ रंग. त्यांच्या जुन्या कार्डाला हे सहज जमायचं. माझ्या सोळापट मेमरीच्या कार्डानं मोराचा पाय दाखवला.

मास्तर बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लई रुंद माग आणलास बाबू. पण आमचा ताणा तेवडाच हाय."

जुनं कार्ड पुन्हा घातलं. पावसातला मोर परत आला. मी मनातल्या मनात एस-थ्रीचं दुसरं कार्ड कुठे मिळेल याची उजळणी करत होतो. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा पडद्याला जवळजवळ टेकवला आणि बोटाच्या नखानं काचेवर मोजायला लागले. ओठ हलत होते, तेलुगूत मोजत होते.

"हे आठ घरांचं रिपीट हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"सा घरं बरी, दोन खराब. परत सा बरी, दोन खराब. कडेपर्यंत तसंच. मोरात बी तसंच, काठात बी तसंच." चष्मा खाली आला. "धागा तुटला तर एका जाग्यावर दिसतंय. दर रिपीटला तोच खोट आला म्हंजे कापडात नाई बगायचं. वर बगायचं. एक हुक खराब असतंय."

जॅकार्डच्या एका हुकाला एकच दोरी नसते. चादरीच्या रुंदीत नक्षी जितक्या वेळा पुन्हा येते तितक्या दोऱ्या त्या एका हुकाला बांधलेल्या असतात. हुक अडला की प्रत्येक नक्षीत त्याच ठिकाणी तीच चूक उमटते. खाली कापडाशी झटून उपयोग नाही.

मला एकदम घाम फुटल्यासारखं झालं, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. ट्रायो ६४ वर दोन एमबी मेमरी असली की ती चार चिपांत वाटलेली असते, प्रत्येकी पाचशे बारा केबी. प्रत्येक चिप सोळा बिटांची. चौघी मिळून एका दमात चौसष्ट बिट देतात. २५६ रंगांत एका ठिपक्याला आठ बिट. म्हणजे एका दमात आठ ठिपके, आणि एकेका चिपेच्या वाट्याला त्यातले दोन. आठांतले दोन खराब म्हणजे चारांतली एक चिप आजारी. पंचवीस वर्षं मी या कार्डांची आकडेवारी घोकतोय, आणि एका खोलीत बसून नखानं मोजून निदान केलं ते मास्तरांनी.

कार्ड पुन्हा बाहेर काढलं. दोन चिपा डाग देऊन पक्क्या केलेल्या. उरलेल्या दोन सॉकेटमध्ये नुसत्या दाबून बसवलेल्या. तेव्हा कार्ड एक एमबीचं यायचं. ज्याला ऐपत होती तो नंतर दोन चिपा विकत घेऊन रिकाम्या सॉकेटमध्ये बसवायचा. त्यानं मेमरी दुप्पट व्हायचीच, शिवाय बत्तीस बिटांची वाट चौसष्टाची व्हायची. "मी घातलो ते," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या वर्षी. दिवाळीच्या आधी." म्हणजे ज्याला मी अपग्रेड करायला आलो होतो, त्याचं अपग्रेड मास्तरांनी मी पहिला कॉम्प्युटर बघण्याआधीच करून ठेवलेलं होतं.

चिपेच्या पायांवर काळसर थर चढला होता, आणि सॉकेटच्या कडेला तेच करडे तंतू. चिप उपसायची कशी? पाय आत वळलेले, चिमट्याला पकड नाही, कोपऱ्यात एक बारीकशी फट. माझा स्क्रू ड्रायव्हर जाड. मास्तर उठले, खिडकीतल्या डब्यातून एक चपटी पितळी आकडी घेऊन आले. मागाच्या फणीच्या दातांतून धागा ओढून घ्यायची. पातळ, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. ती कोपऱ्यात घातली, हलकंच उचललं, मग समोरच्या कोपऱ्यात, परत उचललं. 'कट्' करून चिप वर आली. तिच्या पायांवर मी आयपीए लावलं. ब्रश जाड पडत होता, तर मास्तरांनी ग्राफमध्ये रंग भरायचा दोन नंबरचा ब्रश पुढे केला. सॉकेटचा एकेक दात त्यानं पुसला. दुसरी चिपही काढली, पुसली. दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवल्या.

मोर आला. पाऊस थांबला होता.

मास्तरांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. त्यांनी मोराच्या चोचीतलं एक घर बदललं, जे बहुतेक आठवडाभर बदलायचं राहिलं होतं. मग म्हणाले, "किती झालं?" मी म्हटलं, "मास्तर, मी तर काहीच घातलं नाही. पैसे कसले?" आतून कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही आलं. निघताना त्यांनी ती आकडी माझ्या शर्टाच्या खिशात खोचली. "ठेव. तुला लागतंय. माझ्याकडं आणि हाय."

येताना पिशवीतलं टीएनटी-टू गाडीच्या हँडलला लटकत होतं. सात रस्त्याला सिग्नलला थांबलो आणि एकाएकी लक्षात आलं. पीसीआय. आपल्या २००० सालच्या पेटीत पांढरे स्लॉट तीन होते ना! तेव्हा मी एजीपीच्या रिकाम्या जागेकडे बघून इतका रडकुंडीला आलो की त्या तीन पांढऱ्यांकडे नीट बघितलंच नाही. याच चिपची पीसीआय आवृत्ती तेव्हाही निघत होती. वेग थोडा कमी मिळाला असता, पण गाडी जत्रेतून तर निघाली असती. मागे सिग्नल सुटला, हॉर्न वाजले, कुणीतरी ओरडलं, "झोपलास का बे!"

ती पेटी माळ्यावर होती. क्रोशाचं झाकणही तिच्यावरच, आईनं घातलेलं तसंच. फुगलेले चार कपॅसिटर मी दोन वर्षांपूर्वीच बदलले होते, पण चित्र ऑनबोर्डवरच ठेवलं होतं. का कोण जाणे, त्या पेटीत कधी काही घालावंसं वाटलं नव्हतं. रात्री जेवणं झाल्यावर ती खाली घेतली. मुलगा अभ्यास सोडून येऊन बसला. मी त्याला खोडरबर दिलं आणि सांगितलं, एकाच दिशेनं, वरून खाली. त्यानं दोनदा केलं आणि मग मागे-पुढे घासायला लागला.

मधल्या पांढऱ्या स्लॉटमध्ये कार्ड दाबलं. बसलं. स्क्रू लावला, मॉनिटरची वायर ऑनबोर्डवरून काढून नव्या जागी लावली. विंडोज ९८ सुरू व्हायला पूर्वीइतकाच वेळ घेतला, ढग वगैरे सगळे आले. मग मधोमध एक छोटी खिडकी उघडली : न्यू हार्डवेअर फाउंड. खाली निळी पट्टी हळूहळू भरायला लागली.

"आता काय होणार?" मुलगा म्हणाला.

"आता सीडी मागेल. २००१ ची दे, वरून तिसरी."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "पाणी आलं! मोटर लाव आधी!" आमच्याकडे चार दिवसांआड येतं, आणि आलं की तासाभरात जातं. आम्ही दोघंही उठलो.